आयोजनाचं शिक्षण मराठीतून द्या : विद्यापीठाला खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव

सप्रेम नमस्कार.

मंडप आणि कार्यक्रम आयोजनाच्या धंद्यातला मी माणूस. वडील सतरंज्या, कनाती आणि गादी-लोड भाड्यानं द्यायचे. पुढे त्यात साउंड, लाइट, जनरेटर आले. आता डॉक्टरांच्या परिषदा, कंपन्यांचे विक्रेता मेळावे, शाळांची स्नेहसंमेलनं, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा अशी पूर्ण जबाबदारीची कामं आम्ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घेतो. आपल्याकडे एकच मागणं आहे. सभा, परिषदा आणि कार्यक्रमांच्या आयोजनाचा अभ्यासक्रम विद्यापीठानं मराठीतून सुरू करावा, आणि तो आखताना खान्देशातलं ऊन, इथली गर्दी आणि इथल्या माणसाचा खिसा समोर ठेवावा.

पत्र उघड लिहितो आहे, कारण माझ्यासारखे मंडपवाले, आचारी, सूत्रसंचालक, साउंडवाले आणि महाविद्यालयांत कार्यक्रमांची जबाबदारी दरवर्षी अंगावर घेणारे प्राध्यापक यांनीही ते वाचावं आणि त्यात आपली भर घालावी, असं मला वाटतं.

मोठे कार्यक्रम पेलणं खान्देशाला नवं नाही. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यातलं अधिवेशन खेड्याच्याच साधनांनी उभं राहावं हा गांधीजींचा आग्रह होता, आणि सजावटीचं काम त्यांनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपवलं. आसपास मिळणाऱ्या साध्या साहित्यातून त्यांनी ते नगर सजवलं. पर्यावरणाचा तोल सांभाळून कार्यक्रम कसा करावा, यासाठी आयएसओ 20121 हे आंतरराष्ट्रीय मानक निघालं ते 2012 साली. या मानकावर शिकवायची वेळ येईल तेव्हा पहिलं उदाहरण यावल तालुक्यातल्या फैजपूरचं द्यावं, परदेशातलं नंतर. अलीकडचं बघायचं तर फेब्रुवारी 2024 मध्ये सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झालं, आणि त्याच सुमारास विद्रोही साहित्य संमेलनही तिथेच भरलं. तालुक्याच्या गावानं एकाच वेळी दोन संमेलनं अंगावर घेतली. सारंगखेड्याचा घोडेबाजार, मुक्ताईची यात्रा, जळगावचा रथोत्सव, विद्यापीठाचा स्वतःचा युवारंग महोत्सव हे तर दरसालचं काम. हे सगळं जमवून आणणारी माणसं इथलीच आहेत. मात्र त्यांनी काय केलं, कुठे अडलं, ऐनवेळी काय सुचलं हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. दर वेळी नवी समिती बसते आणि पहिल्यापासून चाचपडते.

याचा परिणाम आमच्या पोरांच्या हातात काय काम पडतं त्यावर होतो. जळगावात एखाद्या मोठ्या कंपनीचा मेळावा असला की आयोजनाचं काम पुणे, नाशिक, सुरत किंवा इंदूरच्या संस्थेकडे जातं, आणि इथल्या पोरांना बांबू उभे करणं, खुर्च्या मांडणं आणि रात्री ट्रक भरणं उरतं. बाहेरच्यांवर माझा राग नाही. ते येतात तेव्हा त्यांच्या हातात कागद असतो : जागेचा आराखडा, खर्चाचं अंदाजपत्रक, कुठल्या मिनिटाला मंचावर कोण याचं पत्रक, आणि काय काय बिघडू शकतं व बिघडलं तर कुणी काय करायचं याची यादी. आमचा पोरगा तेच काम डोक्यात ठेवून करतो, कधी कधी त्यांच्यापेक्षा चोख करतो. पण त्याला ते कागदावर मांडता येत नाही, म्हणून ग्राहक त्याच्याशी फक्त मंडपाच्या दराबद्दल बोलतो.

आणि काम झपाट्यानं बदलतं आहे. पूर्वी डॉक्टरांच्या परिषदेला दारात वही आणि पेन ठेवलं की भागायचं. आता महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण करायला डॉक्टरला पाच वर्षांत 30 क्रेडिट, म्हणजे परिषदांना हजर राहून मिळणारे गुण, लागतात, म्हणून कोण किती वाजता आलं आणि किती वेळ सभागृहात बसलं याची नोंद बिनचूक लागते. ती क्यूआर कोडनं घ्यायची तर दारापाशी नेट हवं, नेट गेलं तर कागदी यादी तयार हवी, आणि एकाच वेळी शंभर माणसं चहाहून परतली तर किती टेबलं लागतील याचा हिशोब आदल्या दिवशी झालेला हवा. निम्मे वक्ते मुंबईहून पडद्यावर बोलणार असतील तर सभागृहातला आवाज त्यांच्यापर्यंत कसा जातो, त्यांचाच आवाज घुमून परत कसा येतो, हे साउंडवाल्याला कळायला हवं. बियाणं आणि ठिबकच्या कंपन्या आता हजार माणसांच्या एका मेळाव्याऐवजी तालुक्या-तालुक्यात लहान बैठका मागतात. तिथे मंचापेक्षा शेतकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची सोय महत्त्वाची ठरते. निमंत्रणपत्रिका, सूत्रसंचालनाचा मजकूर, वक्त्यांचा परिचय यासाठी पोरं आता एआयची मदत घेतात. ती घ्यावी, वेळ वाचतो. पण मान्यवराचं पद चुकलं, दिवंगत माणसाच्या नावामागे श्री. लागलं, तर माफी आयोजकालाच मागावी लागते. म्हणून यंत्रानं लिहिलेलं तपासायचं कसं, हाही शिकवायचा विषय आहे.

शिवाय हजारो लोकांचे मोबाइल नंबर आमच्या यादीत येतात, आणि कार्यक्रम संपल्यावर त्या याद्या व्हॉट्सॲपवर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतात. लोकांची अशी खासगी माहिती जपण्यासाठी डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा 2023 साली झाला. आमच्या धंद्यात तो किती जणांना ठाऊक आहे, हे आपणच एखाद्या मंडपात येऊन विचारून बघावं.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. ती म्हणजे माणसांचा जीव.

आमच्या भागात एका गावी वार्षिक कार्यक्रमात मी पाहुणा म्हणून बसलो होतो. गावाचं आणि संस्थेचं नाव घेत नाही. मंडपाला बाहेर पडायला दोन वाटा होत्या. त्यातली मागची वाट फुकटे शिरू नयेत म्हणून कनात ओढून सुतळीनं करकचून बांधलेली. तिच्याच पलीकडे जनरेटर, जनरेटरशेजारी डिझेलचा कॅन, आणि केबल ओल्या जमिनीवरून थेट मंचाखाली गेलेली. जोड टेपनं गुंडाळलेला. आत लहान मुलं नाचाचे कपडे घालून ओळीत उभी. मी वायरमनला बोलावून दाखवलं. तो भला माणूस होता, पटकन म्हणाला, "आते काय करानं भाऊ?" त्याला उलट उत्तर द्यायचं नव्हतं, खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आम्ही सुतळी कापली, कॅन लांब नेला, केबल उचलून विटांवर घेतली. दहा मिनिटांचं काम. पण त्याला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणं हे कुणाचं काम आहे तेही ठरलेलं नव्हतं.

हरियाणात डबवालीला 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मंडपाला आग लागली. चारशेहून अधिक जीव गेले, त्यात शाळकरी मुलं मोठ्या संख्येनं होती. कृत्रिम धाग्याचं छत, विजेची ठिणगी आणि बाहेर पडायला अपुरी वाट, एवढं पुरलं. तात्पुरत्या मंडपांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 8758 हे मानक आहे. कापड कसलं असावं, वायरिंग कसं असावं, वरून विजेची तार जात असेल तर काय, बाहेर पडायच्या वाटा कशा ठेवाव्यात, हे सगळं त्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं गर्दीच्या कार्यक्रमांसाठी 2014 साली सविस्तर मार्गदर्शिका काढली. हे लिहिलेलं ज्ञान मंडप ठोकणाऱ्या माणसापर्यंत पोचवायचं कुणी? मला तरी विद्यापीठाशिवाय दुसरं नाव सुचत नाही.

आग एक वेळ टळेल, ऊन टळत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघातानं 14 माणसं दगावली. खारघर समुद्राजवळ आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो, आणि नेमकी त्याच दिवसांत आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई, मेळावे आणि प्रचारसभा येतात. पाहुणे उशिरा येतात म्हणून अकराची सभा एक वाजता सुरू होते आणि म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया पत्र्याच्या किंवा एकेरी कापडाच्या छताखाली बसून राहतात. उन्हाचं नियोजन हा आमच्याकडच्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा असला पाहिजे. कार्यक्रम किती वाजता संपलाच पाहिजे हे आधी ठरवून मग सुरुवातीची वेळ काढणं. दुहेरी छत आणि दोन थरांमध्ये वारा खेळायला जागा. पाणी एका कोपऱ्यात न ठेवता बसल्या जागेपासून जवळ. रुग्णवाहिका गर्दीत न अडकता निघेल अशी उभी करणं. आणि मंचावरून "आता सभा थांबवू या" म्हणायचा अधिकार कुणाला, हे लेखी ठरवणं. कूलरचंच घ्या. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो उत्तम काम देतो, पण चारही बाजूंनी बंद केलेल्या मंडपात तोच कूलर दमटपणा वाढवून जीव घाबरा करतो, आणि जूनमध्ये तर त्याचा उपयोगच कमी. हे आमच्या जुन्या कारागिरांना अनुभवानं कळतं, पण नव्या पोरांना कुणी सांगत नाही.

दुसरा धडा करारनाम्याचा असावा. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या सगळ्यांकडे पुढच्या महिन्यांचे बयाणे घेतलेले होते. कार्यक्रम रद्द झाले. ग्राहक म्हणाले, पैसे परत द्या. आम्ही ते पैसे कापड, मजूर आणि गाड्यांत घातलेले. कुणाचं चुकलं नव्हतं, पण लिहिलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांची घरं एकमेकांशी बोलायची थांबली. रद्द झालं तर काय, पुढे ढकललं तर काय, माणसं ठरल्यापेक्षा जास्त आली तर पानाचा दर कसा लावायचा, नुकसान झालं तर कोण भरणार, हे साध्या मराठीत दोन पानांत मावतं. ते लिहायला आणि ग्राहकापुढे संकोच न करता ठेवायला शिकवलं, तर आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं मिटतील.

परवान्यांचं थोडक्यात सांगतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा आहे आणि सवलतीचे दिवस वर्षाला पंधरापेक्षा जास्त देता येत नाहीत. सजावटीच्या थर्माकोलवर आणि प्लास्टिकच्या ताटा-पेल्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. आचाऱ्याला अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना लागतो. मंचावर चढायला उतार ठेवणं ही अपंगांवर केलेली मेहेरबानी नाही, 2016 च्या कायद्यानं दिलेला त्यांचा हक्क आहे. हे सगळं एका आठवड्यात शिकवून होईल.

शिकायचं तर आज साधनं कुठे आहेत? आहेत, पण दूर आहेत. अमेरिकेत मीटिंग प्रोफेशनल्स इंटरनॅशनल ही संस्था 1972 पासून काम करते. सर्टिफाइड मीटिंग प्रोफेशनल ही परीक्षा 1985 पासून चालते, आता ती इव्हेंट्स इंडस्ट्री काउन्सिलकडे आहे. धोक्यांचं नियोजन, पैशांचा हिशोब, जागेची व्यवस्था, माणसांचं व्यवस्थापन असे तिचे विषय नीट बांधलेले आहेत आणि ते आपण मोकळ्या मनानं घ्यावेत. पण परीक्षा इंग्रजीत, फी डॉलरमध्ये, आणि आधी कामाचा अनुभव दाखवावा लागतो. शहाद्याच्या किंवा पारोळ्याच्या पोरीनं तिथवर कसं पोचायचं? आपल्या देशात केंद्रीय पर्यटन मंत्रालयानं 2022 मध्ये परिषदा आणि प्रदर्शनांच्या व्यवसायाचं राष्ट्रीय धोरण मांडलं. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, पर्यटन अभ्यासक्रमात परिषदांचा स्वतंत्र विषय आहे आणि त्यांचं साहित्य ई-ज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतं. पुण्या-मुंबईत खासगी संस्था आहेत. त्यांच्या जाहिरातींत झगमगाट फार दिसतो : फुलांची कमान, धुराचं यंत्र, नटनट्या. सजावट महत्त्वाची आहेच, माझं पोट तिच्यावर चालतं. पण ती शिकायला सोपी आहे आणि पोरं ती मोबाइलवर बघून शिकतात. बाहेर पडायच्या वाटा, हिशोब, करार आणि वेळ हे मोबाइलवर बघून येत नाही.

विद्यापीठाला यासाठी नवी इमारत लागणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या पदवी अभ्यासक्रमांत कौशल्याचे विषय आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलेलंच आहे. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. चार क्रेडिटचा एक विषय घेतला तर 120 तास हाताशी येतात आणि सुरुवातीला तेवढे पुरे आहेत. शिकवायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 मध्येच सोपा केला : प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस म्हणून पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या जाणकाराला पदव्यांची अट न घालता नेमता येतं. आमच्याकडे असे साउंडवाले आहेत, जे रिकाम्या सभागृहात एक टाळी वाजवून आवाज कुठे घुमणार ते सांगतात. असे आचारी आहेत, जे गावाचं नाव, हंगाम आणि यजमानाचा गोतावळा ऐकून वरण-बट्टीला किती पीठ लागेल ते सांगतात आणि उष्टं जवळजवळ उरू देत नाहीत. त्यांना वर्गात बोलवा. सोबत एक तरुण प्राध्यापक बसवा, जो ते सांगतील ते लिहून काढेल. तीन वर्षांत त्यातून पाठ्यपुस्तक होईल.

प्रयोगशाळाही आपल्याच आवारात आहे. युवारंगमध्ये तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांची मुलं येतात. त्यांची राहण्याची सोय, मंचांचं वेळापत्रक, निकाल, जेवण, मुलींच्या मुक्कामाची सुरक्षितता या सगळ्याची आखणी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीकडे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली द्यावी. दीक्षान्त समारंभाचं मिनिटवार पत्रक त्यांनी करावं. परीक्षा म्हणून तीन तासांचा पेपर घेऊ नये. एक रिकामं मैदान, ठरावीक रक्कम आणि ठरावीक माणसं द्यावीत आणि आराखडा, अंदाजपत्रक, करार आणि धोक्यांची यादी तयार करून मागावी. शेवटी परीक्षकानं अचानक सांगावं, मुख्य पाहुणे दीड तास उशिरा येत आहेत, किंवा वीज गेली आहे. मग विद्यार्थी काय करतो ते बघावं.

एक दार पदवी नसलेल्यांसाठीही ठेवा, ही हात जोडून विनंती. माझ्याकडचा सर्वांत हुशार मुकादम नववी नापास आहे. पाचशे खुर्च्यांचं मैदान तो चालत मोजतो आणि पाच खुर्च्यांचा फरक पडत नाही. पदवीच्या अटीमुळे असा माणूस बाहेर राहिला तर अभ्यासक्रम निम्माच राहील. आपल्या विद्यापीठाला ज्या बहिणाबाईंचं नाव आहे त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, याहून जास्त मला या बाबतीत सांगायची गरज नाही. पावसाळ्यात आमचा धंदा थंड असतो. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारचे वर्ग ठेवले तर मंडपवाले, वायरमन, वाढपी आणि बचतगटांतून जेवणाची कामं घेणाऱ्या बाया आनंदानं येतील. आधीचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र द्यायची पद्धत केंद्राच्या कौशल्य योजनांत आहेच. ती इथे लावता येईल.

मुलींबद्दल वेगळं सांगतो. परिषदेच्या नोंदणी कक्षावर, सूत्रसंचालनात आणि पाहुण्यांशी बोलण्यात आमच्याकडच्या मुली फार चांगलं काम करतात, पण घरचे रात्रीच्या कामाला पाठवत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. मुलींना घरी सोडायची गाडी, कामाचे ठरलेले तास, मुक्कामाच्या ठिकाणी स्वतंत्र खोली हे आयोजकाच्या अंदाजपत्रकात पहिल्या पानावर असलं पाहिजे. विद्यापीठानं हे शिकवलं आणि स्वतःच्या कार्यक्रमांत पाळलं, तर पालकांचा विश्वास बसेल.

आम्ही आमच्या बाजूनं काय देऊ, तेही लिहून देतो. प्रात्यक्षिकासाठी मंडपाचं साहित्य, साउंड आणि जनरेटर आम्ही व्यावसायिक भाडं न घेता देऊ. दर हंगामात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामावर घेऊ आणि त्यांना रोजंदारीच्या हमालीला न लावता आखणीच्या टेबलावर बसवू. आमची जुनी अंदाजपत्रकं, ग्राहकांची नावं झाकून, अभ्यासाला देऊ. राष्ट्रीय प्राधिकरणाची मार्गदर्शिका आणि आयएस 8758 यांचं सोपं मराठी रूप करायला विद्यापीठानं भाषांतरकार द्यावा, कापडाचे आणि दोरखंडाचे नेमके शब्द सांगायला आमचे कारागीर बसतील.

विद्या परिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि अभ्यास मंडळ नेमताना त्यात धंद्यातली किमान दोन माणसं घ्यावीत. बैठकीत म्हणणं मांडायला बोलावलं तर आराखडा, अंदाजपत्रक आणि 120 तासांच्या विषयांची यादी घेऊन येतो.

आपला नम्र,
मंडप व कार्यक्रम आयोजन व्यावसायिक,
जळगाव